दाखला नदीपलीकडं जात नाही

दोस्तहो, सीमाप्रश्न म्हटला की डोळ्यांपुढं काय येतं? काळं फासलेल्या एसट्या. फोडलेल्या पाट्या. बेळगाव म्हणायचं की बेळगावी, याची हाणामारी. दोन्ही विधानसभांत एकमतानं पास होणारे ठराव. घोषणा द्यायला माणसं कमी पडली की दोन्हीकडचे पुढारी आपल्या वस्तीत येतात. आपली पोरं जातात. लाठ्या खातात, केसेस अंगावर घेतात. पण आपल्या माणसाचा सीमाप्रश्न कोणता, हे कुणी विचारत नाही. मराठीवाला विचारत नाही, कन्नडवालाही नाही.

त्यांचा सीमाप्रश्न तुम्हाला पाठ आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं पाडली, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगानं 1967 मध्ये अहवाल दिला, तो महाराष्ट्राला पटला नाही. 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. महाराष्ट्र 865 गावं मागतो. या 865 गावांत प्रत्येकाला गावकुसाबाहेरची वस्ती आहे, हे दाव्यात कुठं येत असेल असं मला वाटत नाही. आपला सीमाप्रश्न त्या वस्तीत राहतो. मला तो निपाणीत, एका घराच्या सोप्यात, दोन दिवसांत समजला. तेवढंच सांगायचंय.

2025 च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ एका बस कंडक्टरला मारहाण झाली. मराठी येत नाही म्हणून मारलं, असं एक बाजू म्हणाली. दुसरी बाजू दुसरंच म्हणाली. लगेच दोन्हीकडच्या गाड्यांना काळं लागलं, एसटी थांबली. मग कन्नड संघटनांनी 22 मार्चला कर्नाटक बंद पुकारला. तो शनिवार होता. आणि आम्ही नेमके त्याच दिवशी निपाणीला निघालो. बंदासाठी नव्हे. 21 आणि 22 मार्च म्हणजे माणगाव परिषदेच्या तारखा. निपाणीच्या दोस्ताचा निरोप होता : माणगावला जाणारच आहात तर तसेच पुढं या, मुक्कामाला या, घरात एक भांडण पेटलंय, तुम्ही आल्याशिवाय विझणार नाही.

तिघं होतो. मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करतो. दुसरा माझा रिक्षावाला दोस्त. त्याच्याकडं जुनी ओमनी आहे, तिचा सरकता दरवाजा सुतळीनं बांधावा लागतो. तिसरी माझी भाची, एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या पिशवीत कपडे कमी आणि झेरॉक्स जास्त.

सकाळी माणगावला पोचलो. 1920 च्या मार्चात इथं बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. तेव्हा त्यांचं वय 28. दुसऱ्या दिवशी शाहू महाराज स्वतः आले आणि लोकांना म्हणाले, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. भाचीनं एक गोष्ट विचारली, ती कुठल्या भाषणात ऐकली नव्हती. परिषद भरवायला पुढं झालेले गावचे आप्पासाहेब पाटील, जातीनं जैन. त्यांच्या वडलांचं नाव दादगोंडा. भाची म्हणाली, "मामा, दादगोंडा हे नाव कुठल्या भाषेतलं? हा माणूस आज असता तर त्याला कुठल्या राज्यात टाकला असता?" रिक्षावाला म्हणाला, "ज्या बाजूला जमीन, त्या बाजूला. आपल्याला जमीन न्हाई, म्हणून आपल्याला बाजूबी न्हाई."

माणगाववरनं पट्टणकोडोली, हुपरी करत कागल गाठलं. ऊन कडक. उसाच्या फडांतून पाचट जळल्याचा वास. कागलच्या पुढं दूधगंगेचा पूल. पूल संपला की थोड्याच वेळात कोगनोळीचा नाका, म्हणजे कर्नाटक. नदीत म्हशी बसल्या होत्या. त्यांतल्या कुठल्या म्हशी महाराष्ट्राच्या आणि कुठल्या कर्नाटकाच्या, हे त्यांनाही माहीत नसेल. पाणी एक, माती एक, ऊस एक, बोली बरीचशी एक.

नाक्यावर बंदामुळं पोलीस जास्त होते. एमएच पासिंगची गाडी बघून एकानं हात केला. कुठं निघालात, कशाला, सगळं कन्नडमधून. रिक्षावाल्यानं मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, दोस्ताकडं, ऊटा, जेवायला. पोलिसानं खाली वाकून आत बघितलं. काचेच्या कडेला बाबासाहेबांचा छोटा फोटो चिकटवलेला आहे, त्याच्यावर त्याची नजर थांबली. हळूच, शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो म्हणाला, "जय भीम." आणि हातानंच, जा.

कर्नाटकात शिरायला आम्हाला लागलेला एवढाच कागद. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण फोटो नदी ओलांडतो म्हणून सगळंच ओलांडतं असं नाही, हे पुढं तासाभरात कळलं.

निपाणीत दुकानं काही बंद, काही अर्धी उघडी. गल्लीत शिरलो तशी तंबाखूची झार नाकात गेली. निपाणीच्या आपल्या वस्तीला वेगळी पाटी लावायची गरज नाही, खकाण्यावरनं कळतं. दोस्ताच्या आईनं तीस वर्षं वखारीत तंबाखू चाळली. आता बसल्या जागी धाप लागते. दारातच म्हणाली, "आलासा व्हय रं पोरांनो? मला वाटलं बंद हाय, आता कुठली येत्यात. बसा. च्या टाकतो." शेजारच्या जोत्यावर दोन बायका सुपात पानं घेऊन विड्या वळत होत्या. बोलताना मान वर नाही. हजार भरायच्या असतात, बंद असो नाहीतर सण असो.

आता भांडण काय होतं, ते सांगतो. दोस्त माझ्याबरोबर कोल्हापूरला वसतिगृहात होता. त्याचं लग्न कागल तालुक्यातल्या मुलीशी झालं. माहेर आणि सासर यांत सहा कोसांचं अंतर. दोन्ही घरं महार, दोन्ही घरांत बुद्धाची मूर्ती, दोन्हीकडं मराठी. वैनी बीए, बीएड. कर्नाटकात शिक्षकभरती निघाली तेव्हा तिनं फॉर्म भरला आणि बापाच्या नावाचा कागल तालुक्यातला जातीचा दाखला जोडला. कचेरीतल्या माणसानं दाखला उलटासुलटा करून परत दिला. म्हणाला, हा महाराष्ट्राचा. इथं चालत नाही. तुम्ही इथं जनरल.

वैनीनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "भाऊजी, लग्न होऊन आले तेव्हा मी दोन गोष्टी घेऊन आले होते. जात आणि दाखला. जात पूल ओलांडून आली. दाखला पुलाच्या अलीकडंच राहिला."

जात कशी आली, तेही तिनं सांगितलं. गावातल्या एका खाजगी शाळेत ती तुटपुंज्या पगारावर शिकवते. रुजू झाली त्या आठवड्यात एका बाईनं गोड बोलून माहेरचं आडनाव विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबे खायची जागा बदलली होती. कुणी काही बोललं नाही. फक्त सतरंजी दुसऱ्या खोलीत गेली. "तिथं कुणी म्हणालं नाही," वैनी म्हणाली, "की तुम्ही महाराष्ट्राच्या महार, इथं तुम्ही जनरल, या, बसा आमच्यात."

भाचीनं पिशवीतून झेरॉक्स काढले. पोरगी बोलायला लागली की वकीलच वाटते. सांगायला लागली : घटनेचं 341 वं कलम. अनुसूचित जाती ठरतात त्या सबंध देशासाठी एकदम नाही, त्या त्या राज्याच्या संबंधात. प्रत्येक राज्याची यादी वेगळी. 1990 मध्ये सुप्रीम कोर्टापुढं प्रश्न आला. आंध्रातून मुंबईत आलेल्या कुटुंबातल्या, अनुसूचित जमातीचा दाखला असलेल्या मुलाला मेडिकलला राखीव जागा मिळेल का? कोर्ट म्हणालं, नाही. एका राज्यात एखादी जात ज्या कारणानं मागं राहिली, ते कारण दुसऱ्या राज्यात असेलच असं नाही. माणूस स्थलांतर करून गेला तर त्यानं आपला दर्जा बरोबर न्यायचा नाही. 1994 मध्ये आणि 2018 मध्ये तेच पुन्हा पक्कं झालं. केंद्राच्या नोकरीला दाखला देशभर चालतो. राज्याच्या नोकरीला, राज्याच्या कॉलेजला नाही.

रिक्षावाला म्हणाला, "पण वैनी काय पोट भरायला परमुलखात गेली न्हाई. लगीन करून आली."

"त्याचाही निकाल लागलाय," भाची म्हणाली. पंजाबातली वाल्मिकी समाजाची बाई लग्न होऊन उत्तराखंडात गेली. नवराही वाल्मिकी. ती जात दोन्ही राज्यांच्या यादीत. राखीव जागेवर हक्क सांगितला. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं. बाई बाहेरून आलेली, तेव्हा त्या राज्यात तिला ती सवलत नाही.

खोलीत सगळे गप्प. तव्यावर भाकरी फुगली, तेवढाच आवाज.

दोस्तहो, कायद्यामागचा विचार अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. एकाच नावाची जात एका राज्यात अस्पृश्य आणि दुसऱ्यात नाही, अशी उदाहरणं आहेत. हजार मैलांवरून कुणी येऊन इथल्या पोरांची जागा घेऊ नये, हेही समजू शकतो. पण हा नियम दूधगंगेच्या पुलावर आणून लावा आणि बघा कसा दिसतो. कागलचा महार आणि निपाणीचा महार यांच्या मागासपणाची कारणं वेगळी कशी? तीच येसकरकी, तीच मेलेली ढोरं, तोच पाणवठा. महार हे नाव महाराष्ट्राच्याही यादीत आहे आणि कर्नाटकाच्याही. सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची.

आणि गंमत ऐका. या नदीकाठची सीमा काही कायमची नव्हती. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला करवीर संस्थानात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. निपाणी तेव्हा इंग्रजी मुलखात, बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे पहिला आरक्षणाचा हुकूमही निपाणीला लागू नव्हता. मग 1949 च्या मार्चात कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. बेळगाव जिल्हाही मुंबई राज्यातच. 1950 साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींची पहिली यादी काढली, तेव्हा कागल आणि निपाणी एकाच राज्यात, एकाच यादीत होती. साडेसात वर्षं दूधगंगा नुसती नदी होती. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म दिला. त्यानंतर अठराव्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, त्याच माणसांची यादी मधोमध फाडली गेली. एक तुकडा मुंबईला, एक बंगळूरला. ज्यांची यादी फाडली, त्यांना विचारलं कुणी?

बाबासाहेबांना भाषावार राज्यांतला धोका दिसत होता. 1955 च्या अखेरीस त्यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. भाषेच्या नावानं राज्य होईल, पण ते चालवेल तिथली संख्येनं मोठी जात, आणि लहान जाती तिच्या हातात सापडतील, ही त्यांची काळजी. आपण ती पुस्तिका महाराष्ट्राचे तुकडे किती करायचे एवढ्यापुरती वाचतो. निपाणीच्या सोप्यात बसून ती वेगळी कळते.

तर भांडण असं होतं. वैनीच्या मनात आलं होतं की माहेरच्या तालुक्यात एक खोली घ्यावी, पत्ता तिकडचा करावा, तिकडून महाराष्ट्रातल्या भरतीला बसावं. वयाची मर्यादा जवळ आलीय. पोरगी आठ वर्षांची, कन्नड शाळेत शिकते. तिचा दाखला बापाचा, म्हणजे कर्नाटकाचा. आई नदीच्या एका बाजूला, पोरगी दुसऱ्या बाजूला. दोस्त म्हणत होता, जा. दोस्ताची आई म्हणत होती, जायचं न्हाई.

आईचं कारण आम्हाला वाटलं तसं नव्हतं. आम्हाला वाटलं, म्हातारी सून सोडायला तयार नाही, रांधायला कोण, असलं काही. रात्री जेवणं झाल्यावर ती सोप्याच्या कडेला बसली आणि धाप आवरत आवरत बोलली. "माझ्या आत्तीला देवाला सोडली हुती. सौंदत्तीला. लहान हुती, केसात जट आली म्हनून. बैलगाडीनं न्हेली, गळ्यात मोती बांधलं. मागनं ती मुंबईला गेली. फोरास रोडला. कुनी इचारलं न्हाई ह्या राज्यातली का त्या. कागद न्हाई मागिटला. यल्लम्माला जाताना आमास्नी कदी सीमा आडवी आली न्हाई. हितल्या पोरी तिकडं, तिकडच्या पोरी हितं, सारखं चाललं. आन्‌ आता पोरगी शिकली, मास्तरीण झाली, तर म्हंत्यात तुजा कागद न्हाई चालत. तवा मी म्हंतो, जायचं न्हाई. हितनंच भांडायचं. गेली तर त्यास्नी बरंच हाय."

देवदासीविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा झाला होता, कर्नाटकानं 1982 साली केला. दोन्हींच्या मधल्या काळात बैलगाड्या चालूच होत्या. ज्या रस्त्यानं आपल्या पोरी नासवायला नेल्या, त्या रस्त्यावर नाका नव्हता. नाका बसला तो पोरगी नोकरी मागायला निघाली तेव्हा.

भाचीनं रात्री आणखी एक झेरॉक्स वाचून दाखवला. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाचा 2023 चा निकाल. प्रश्न असा : एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला, तिथल्या यादीत त्याची जात नाही, आणि तिथं त्याच्यावर अत्याचार झाला, तर अॅट्रॉसिटी कायदा लागतो का? पूर्णपीठ म्हणालं, लागतो. देशात कुठंही लागतो. वैनी ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे शिवी नदी ओलांडते, हे कोर्टाला मान्य आहे. मार मिळाला तर मी इथं महार. नोकरी मागितली तर जनरल." यावर भाचीजवळ झेरॉक्स नव्हता.

रविवारी सकाळी संकेश्वरकडनं दोस्ताचा दोस्त आला. दलित संघर्ष समितीतला जुना माणूस, जातीनं मादिग, भाषेनं कन्नड. दारातनंच "बर्री, कुंद्रर्री" म्हणत उलट आम्हालाच बसवलं, जसं काही घर त्याचंच. मराठी त्याला समजतं, बोलताना अडखळतो. आम्हाला कन्नड समजत नाही. तरी दोन तास बोललो. जय भीमपाशी सुरुवात झाली की पुढं वाट सापडते.

त्यानं बूसा प्रकरण सांगितलं. आपल्या पोरांना हे माहीत असायला पाहिजे, म्हणून लिहितो. 1973 च्या नोव्हेंबरात म्हैसूरला कर्नाटकचे दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा बोलले की कन्नड साहित्यात बरंचसं बूसा आहे. बूसा म्हणजे गुरांचा भुसा. झालं. भाषेचा अपमान झाला म्हणून राज्य पेटलं. वसतिगृहांत घुसून दलित पोरांना मारलं. बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावं लागलं. पण मार खाल्लेली पोरं गप्प बसली नाहीत. त्यातनंच पुढं बी. कृष्णप्पांच्या पुढाकारानं दलित संघर्ष समिती उभी राहिली. सिद्धलिंगय्यांसारखे कवी, देवनूर महादेवांसारखे लेखक त्या काळात पुढं आले. इकडं मुंबईत 1972 ला पँथर निघाली, तिकडं पुढच्या वर्षी हे. मधे एक नदी. संकेश्वरवाला म्हणाला, "भाषा दोघांचीबी आई. पन आईच्या नावानं मारत्यात कुनाला? आमाला."

दोस्तानं बेळगाव जिल्ह्यातली जुनी नाळ काढली. 1925 च्या एप्रिलात याच निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, बाबासाहेब आले होते. 1937 च्या निवडणुकीत बेळगाव जिल्ह्यातून स्वतंत्र मजूर पक्षाचे बळवंतराव वराळे निवडून मुंबईच्या असेंब्लीत गेले. त्यांचे नातू प्रसन्न वराळे, जन्म निपाणीचा, शिक्षण औरंगाबादला, मुंबई हायकोर्टात न्यायाधीश, मग कर्नाटक हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, 2024 च्या जानेवारीपासून सुप्रीम कोर्टात. दोस्त अभिमानानं म्हणाला, "बघा, आपला माणूस किती सीमा ओलांडून गेला."

भाची पटकन म्हणाली, "मामा, अभिमान आहेच. पण पुरुष घर सोडून जातो तो स्वतःच्या मर्जीनं जातो. बाईचं राज्य लग्नानं बदलतं. ते कुणी तिला विचारून बदलत नाही. हा नियम कागदावर सगळ्यांना सारखा, पण सीमेवर तो पडतो बायांच्या अंगावर."

मी इतकी वर्षं सीमाप्रश्नावरचं वाचतोय. समित्यांचे अहवाल, पुढाऱ्यांचे लेख, कोर्टाच्या बातम्या. हे वाक्य त्यांत कुठं भेटलं नव्हतं. ते भेटलं एका पोरीच्या तोंडून, तंबाखूच्या खकाण्यात. सीमेवरच्या आपल्या वस्त्यांत सोयरीक नदी बघून होत नाही. पाहुणे जिकडं, तिकडं पोरगी. दर वर्षी किती दाखले अशा रीतीनं रद्दी होत असतील? शिकलेल्या, डीएड-बीएड केलेल्या, नर्सिंग केलेल्या पोरी. आपण चौदा एप्रिलला त्यांच्या शिक्षणाचं कौतुक करतो आणि मे महिन्यात त्यांची लग्नं पलीकडं लावून देतो. दाखल्याचं काय, असं सोयरीक ठरवताना कुणी बोलत नाही, कारण कुणाला माहीतच नसतं. कळतं ते खिडकीवर.

दुपारपर्यंत वाद घालून आम्ही एका गोष्टीवर आलो. वैनीनं कुठं राहायचं ते वैनी ठरवेल, त्यात म्हातारीनं, दोस्तानं, आम्ही कुणी बोलायचं नाही. आमच्या हातातलं काम वेगळं. 341 व्या कलमातच पुढं लिहिलंय की यादीत भर घालायचा, यादीतून काढायचा अधिकार संसदेचा. म्हणजे हे काही आभाळातनं पडलेलं नाही, कायद्यानं बदलता येतं. मागणी साधी : जी जात दोन्ही शेजारी राज्यांच्या यादीत आहे, त्या जातीची बाई लग्नानं या राज्यातून त्या राज्यात गेली, तर तिचा दाखला तिच्याबरोबर जावा. कुणाची जागा पळवायची नाही. हजार मैलांचा प्रश्न नाही. जिथं आई-बाप-सासू-सासरे सगळे एकाच जातीचे, एकाच पाणवठ्यावर अडवलेले, तिथं फक्त नदी मधे आणू नका.

पण मागणी करायची तर माणसं दाखवावी लागतात. एक बाई सांगितली की एकटीची कहाणी होते. म्हणून शाळेच्या पोराची दोनशे पानी वही घेतली आणि रकाने पाडले. नाव. माहेर, तालुका. सासर, तालुका. शिक्षण. दाखला कुठला. फॉर्म कुठं आणि कोणत्या साली परत आला. पहिलं नाव वैनीनं स्वतःच्या हातानं लिहिलं. मग भाची आणि ती दोघी गल्लीत शिरल्या. संकेश्वरवाल्यानं रकाने कन्नडमध्ये उतरवून घेतले, म्हणाला, आमच्यातबी कोल्हापूर, सांगलीच्या सुना हायत, मादिगांतबी, समगारांतबी. चहाच्या वेळेपर्यंत निपाणीच्या दोन गल्ल्यांत 14 नावं झाली. त्यात एक विडी वळणारी होती, तीच, जोत्यावर बसलेली, मान वर न करणारी. बारावी सायन्स. माहेर गडहिंग्लज तालुक्यात. तिचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत तळाशी ठेवलेला. आणून दाखवला तेव्हा पिशवीलाही तंबाखूचा वास.

दोस्तहो, तुमच्यातले पुष्कळ जण सीमेजवळचे आहेत. चंदगड, जत, अक्कलकोट, उमरगा, उदगीर, देगलूर. तिकडं गोंदियाच्या पलीकडं बालाघाट, तिथंही हीच रडकथा असणार, कारण कलम तेच आहे. पुढच्या वेळी सीमेचा मोर्चा निघेल आणि पुढारी आपल्या वस्तीत माणसं मागायला येईल, तेव्हा त्याला एवढंच विचारा : आमच्या सुनांचे दाखले तुझ्या मागणीत आहेत का? मराठीवाल्याला मराठीत विचारा, कन्नडवाल्याला कन्नडमध्ये. उत्तर येईपर्यंत घोषणा त्यांच्या त्यांना देऊ द्या.

निपाणीतली वही भरत आली की दुसरी घेणार आहेत. तुमच्या तालुक्यातली पहिली वही तुम्ही काढा. नाव, माहेर, सासर, शिक्षण, दाखला, साल. रकाने हेच ठेवा, म्हणजे पुढं एकत्र लावता येतील.

जय भीम.